कोकणात पाण्याला काय तोटा!

कोंबडी सोलून, पॅक करून विकायचा कारखाना कोकणात टाकताय? जागा झकास निवडलीत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो इथे. एवढं पाणी वरून फुकट येत असताना ते वाचवायच्या गप्पा मारणाऱ्या सल्लागाराला चहा पाजा आणि वाटेला लावा. तो घाटावरचा असणार.

आधी एक पथ्य सांभाळा. पाण्याचा मीटर लावू नका. स्कॅल्डिंगला (पिसं सुटावीत म्हणून कोंबडी गरम पाण्यात बुडवतात ते) वेगळा, चिलरला (सोललेली कोंबडी गार करायची टाकी) वेगळा असले चोचले तर मुळीच नकोत. मीटर आला की आकडा दिसतो, आणि आकडा दिसला की कुणीतरी प्रश्न विचारतं. एका कोंबडीमागे साधारण 15 ते 30 लिटर पाणी लागतं. जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला दिवसाला 55 लिटर ठरवलेत. म्हणजे दोन कोंबड्यांच्या अंत्यविधीत एक माणूस बसतो. हा हिशेब ग्रामसभेत निघाला तर चहा-बिस्किटांवर भागायचं नाही.

कापलेली कोंबडी टांगून दीड-दोन मिनिटं निथळू द्यायची, खाली पन्हळ लावून रक्त वेगळ्या टाकीत धरायचं, हा उद्योग कोण करणार? सोडा गटारात. रक्ताचा बीओडी, म्हणजे घाण कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खाते त्याचं माप, लिटरला लाख मिलिग्रॅमच्या घरात जातो आणि नदीत सोडायच्या पाण्याला मर्यादा आहे 30 ची. लाखाचे तीस करायला ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, बांधलाय ना? मग राबू दे त्याला. पिसं-आतडीही पट्ट्यावरून कोरडी नेऊ नका, पाण्यातून वाहत न्या. जितका वेळ भिजतील तितकी चरबी पाण्यात उतरेल. मग ती जाळीत अडकत नाही, आणि जाळी साफ करायचे कष्ट वाचतात.

चिलरमध्ये काही हुशार लोक पाणी उलट्या दिशेने सोडतात. कोंबडी जिथून बाहेर पडते तिथून ताजं पाणी आत, म्हणजे थोडक्या पाण्यात भागतं. आपण पाहुण्याला आणि पाण्याला एकाच दाराने आत घ्यावं. आपल्यात तशीच रीत आहे.

खरी मजा रात्रीच्या धुलाईत. शिफ्ट संपली की आधी खराटा, रबरी वायपर, फावडं घेऊन चरबी, तुकडे, साकळलेलं रक्त कोरडंच गोळा करायचं आणि मग फरशीला पाणी लावायचं, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तक लिहिणाऱ्याने रात्री अकराला फरशी धुतलेली नसते. तुम्ही थेट पाइप सोडा आणि धारेनेच सगळं ढकलत न्या. पाइपच्या तोंडाला दाबलं तरच पाणी येणारं नोझल बसवू नका. पोरांची बोटं दुखतात. त्यांनी जेवायला जाताना पाइप तसाच सोडला तरी ओरडू नका. मिनिटाला 20 लिटर धरले तर अर्ध्या तासात 600 लिटर जातात, पण पाइप ओव्हरटाइम मागत नाही. शिवाय जाळी काढून सगळं आत लोटलं की फरशी कशी लख्ख! ईटीपीवाला बोंबलेल. त्याचं कामच ते.

नमुना घ्यायला कुणी येतंय असं कळलं तर घाबरू नका. शेवटच्या टाकीत बोअरचं पाणी सोडा. मोजमाप लिटरमागे असतं. घाण किलोने तेवढीच जाते, पण रिपोर्टवर किलो कुठे लिहितात?

देवाचीही आपल्या धंद्यावर मर्जी आहे. चिकन सर्वांत जास्त खपतं ते आषाढात, अमावास्येच्या आधी. आणि पऱ्या, म्हणजे आपला पावसाळी ओढा, दुथडी वाहतो तोही तेव्हाच. जांभ्याच्या मातीने पाणी आधीच लाल असतं, त्यात आणखी थोडं लाल कुणाच्या डोळ्यांवर येणार? शिमग्यानंतर मात्र पऱ्या आटतो, तेव्हा मागच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, खड्डा मारून त्यात सोडा. जांभा सच्छिद्र असतो, बघता बघता पाणी पिऊन टाकतो. खालच्या वाडीच्या विहिरी त्याच उतारावर आहेत, पण ते भूगर्भशास्त्र झालं, आपला विषय कोंबडी.

एप्रिल-मेत तुमची स्वतःची बोअर गुळण्या करायला लागेल. खचून न जाता टँकर मागवा. पाणी कुठल्या विहिरीवर भरलं, हे टँकरवाल्याला विचारायच्या भानगडीत पडू नका. बिल तेवढं जपून ठेवा, खर्चात दाखवता येतं.