साडेआठशे गाड्यांचा मॉल

मॉल-मल्टिप्लेक्समध्ये पार्किंगचे पैसे घेऊ नका, असं पुणे महापालिकेने 2019 मध्ये बजावलं होतं. तरी पावती फाडतातच, हा दादाचा जुना संताप. "खरेदीला जायचं आपण, वर गाडी ठेवायचेही पैसे?" यंदा सुट्टीत घरी गेले तेव्हा मी म्हटलं, घ्यावेत, जरा जास्तच घ्यावेत. पुढे दोन दिवस घरात फक्त वहिनी माझ्याशी नीट बोलत होती.

मी झुरिकमध्ये राहते. इथला सीलसिटी हा मॉल 2007 मध्ये जुन्या कागद कारखान्याच्या जागेवर झाला. धुराडं अजून तसंच उभं आहे. दुकानं, सिनेमा, हॉटेल सगळं आहे, आणि गाड्यांना जागा फक्त 850. बांधकामाच्या परवानगीतच गाड्यांच्या फेऱ्यांवर मर्यादा घातलेली. पार्किंग फुकट नाही. तरी शनिवारी पाय ठेवायला जागा नसते, कारण ट्राम, बस आणि लोकलचं स्टेशन दाराशीच आहे. (रविवारी दुकानं बंद, तेव्हा लोक नुसते सिनेमाला आणि खायला येतात.)

यात स्विस माणसाचं काही थोरपण नाही बरं. हीच मंडळी शहराबाहेरच्या ग्लाट सेंटर या मॉलला डिकी भरायला गाडी घेऊन जातात, कारण तिथे हजारो गाड्यांची सोय आहे. माझी शेजारीण दोन्हीकडे जाते: एकीकडे ट्रामने, दुसरीकडे गाडीने. माणूस तोच, फाटक वेगळं.

हे दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "तुझ्या दाराशी ट्राम आहे गं." म्हणून आईला घेऊन मेट्रोनेच विमाननगरच्या मॉलला निघाले. मार्च 2024 पासून मेट्रो रामवाडीपर्यंत जाते. प्रवास झकास. खाली उतरल्यावर मात्र फूटपाथ मध्येच संपला, पुढे दुचाक्या लावलेल्या, आणि नगर रस्ता ओलांडायचा म्हणजे आईच्या गुडघ्यांची परीक्षा. दोन रिक्षावाल्यांनी जवळचं भाडं नको म्हटलं. याच रस्त्यावर बसला स्वतंत्र मार्गिका होती, बीआरटीची, तीही उखडली.

तरीही माझं मत तेच आहे. फुकट पार्किंग फुकट नसतं. त्या तळघराचा खर्च दुकानांच्या भाड्यात जातो, भाड्यातून मालाच्या किमतीत, आणि तो पीएमपीच्या बसने आलेल्या बाईकडूनही वसूल होतो. पण दादाचंही एक मान्य करावं लागलं: पैसे घ्या आणि मॉलवाल्याच्या खिशात घाला, तर ती नुसती लूट. तो पैसा स्टेशनापासून फाटकापर्यंतच्या फूटपाथवर खर्च होणार असेल, तरच मी त्याच्याशी भांडेन. 2018 मध्ये महापालिकेने रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे लावायचं धोरण मंजूर केलं, विरोध होताच ते मोजक्या रस्त्यांपुरतं केलं, आणि मग तेही कागदावरच राहिलं.

परतताना आईला पुन्हा चालवणं शक्यच नव्हतं. दादाला फोन केला. तो गाडी घेऊन आला, आम्हाला शोधत वर आला, आणि बाहेर पडताना पार्किंगची पावती माझ्या हातात ठेवून म्हणाला, "घे. जरा जास्तच दे."