25 कोटींचे अनुदान आणि हिंगण्यातले वर्कशॉप

गेल्या पंधरा दिवसांत एकच मजकूर चार व्हॉट्सॲप गटांतून माझ्याकडे आला, तेव्हा मी तो वाचून सोडून दिला. पाचव्यांदा तो माझ्या भाच्याने स्वतः घरी येऊन दाखवला, तेव्हा मात्र लिहायला बसणे भाग पडले. भाच्याचे नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत छोटे वर्कशॉप आहे. दोन सीएनसी (संगणकावर चालणारी यंत्रे), एक जुना लेथ, सहा कामगार, आणि बहुतेक काम वाहनांच्या सुट्या भागांचे जॉबवर्क. मजकूर थोडक्यात असा: लढाऊ विमाने व ड्रोन यांच्या संशोधनासाठी संरक्षण मंत्रालय प्रत्येक लघुउद्योजकाला 25 कोटी रुपये देत आहे, ते परत करायचे नाहीत, काम दाखवण्याची अट नाही, वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय नागपुरात असल्यामुळे विदर्भाला वेगळा कोटा आहे, नागास्त्र हे लष्कराचे आत्मघाती ड्रोन याच पैशातून तयार झाले, अमेरिकाही संरक्षण बजेटचे 3 टक्के असेच वाटते, मात्र पेटंट सरकार ठेवून घेते, म्हणून अनुभवी सल्लागारामार्फतच जावे. खाली मोबाईल क्रमांक. त्या क्रमांकावरच्या गृहस्थाने 'फाइल उघडण्याचे' 60 हजार मागितले होते, आणि भाचा मला विचारत होता, "मामा, 25 कोटींपुढे 60 हजार म्हणजे काय?"

आधी आकडा पाहू, कारण सगळा मोह त्या आकड्याचा आहे. फॉरवर्डमधले अनुदान म्हणजे संरक्षण मंत्रालयाची आयडेक्स योजना, जी स्टार्टअप व लघुउद्योगांना संरक्षणाच्या नव्या तंत्रज्ञानासाठी पैसे देते; ती एप्रिल 2018 मध्ये चेन्नईच्या डिफेक्स्पो या संरक्षण प्रदर्शनात सुरू झाली. जून 2021 मध्ये संरक्षण मंत्रालयाने तिच्यासाठी पुढील पाच वर्षांकरिता 498.78 कोटी रुपये मंजूर केल्याचे जाहीर केले, आणि त्यातून सुमारे 300 स्टार्टअप व लघुउद्योगांना साहाय्य देण्याचे उद्दिष्ट सांगितले. हे सरकारी निवेदन कोणालाही वाचता येते, आणि माझ्या मते ते एकटेच या फॉरवर्डला पुरे आहे. प्रत्येकी 25 कोटी द्यायचे ठरवले तर ही रक्कम 20 कंपन्यांनाही पुरत नाही. 300 जणांत वाटली तर प्रत्येकी सरासरी 1.66 कोटी येतात. मूळ योजनेतील अनुदानाची कमाल मर्यादाही त्याच्या जवळपास, दीड कोटीच आहे. नंतर मोठ्या प्रकल्पांसाठी आलेल्या आयडेक्स प्राइममध्ये ती 10 कोटी झाली. 25 कोटींचा आकडा हवेतून आलेला नाही, एवढे मात्र नाइलाजाने मान्य करावे लागते: आयडेक्सच्याच छत्राखाली मार्च 2024 मध्ये आलेल्या 'अदिती' योजनेत कमाल मर्यादा खरोखरच 25 कोटी आहे. पण तिची एकूण तरतूद 750 कोटी आणि लक्ष्य सुमारे 30 अतिमहत्त्वाच्या तंत्रज्ञानांचे. देशभरातून 30. त्यात एकट्या हिंगण्यातली किती वर्कशॉप बसतील, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता 'काम दाखवण्याची अट नाही' हे वाक्य. मी नोकरीची 30 वर्षे सरकारी कारखान्याच्या तपासणी विभागात काढली आहेत, त्यामुळे हे वाक्य लिहिणाऱ्याने आयुष्यात एकदाही सरकारी बिल मंजूर करून घेतलेले नाही, याविषयी माझ्या मनात शंका नाही. या योजनेत आपण मनाला येईल तो विषय घेऊन जात नाही. सैन्यदले आपल्या अडचणी 'डिफेन्स इंडिया स्टार्टअप चॅलेंज'मध्ये नेमक्या शब्दांत मांडतात, आणि अर्जदाराने त्यांपैकी एखाद्या अडचणीवरचा उपाय सुचवायचा असतो. छाननी होते, निवड समितीपुढे मांडणी होते, निवड झाली तर करार होतो, आणि करारात काम टप्प्यांत विभागलेले असते. एक टप्पा पूर्ण झाल्याची खातरजमा झाली की पुढचा हप्ता. म्हणजे पैसा कामाच्या मागून चालतो.

फॉरवर्डमध्ये जे लिहिलेलेच नाही, ते याहून घातक आहे. हे अनुदान म्हणजे अर्धा खर्च. विकासाच्या खर्चात अर्जदाराने स्वतःचा तेवढाच वाटा घालायचा असतो. दीड कोटी मिळाले तर दीड कोटी आपले, आणि 25 कोटींचे स्वप्न पाहायचे तर 25 कोटी आपल्या तिजोरीत किंवा गुंतवणूकदाराच्या खिशात हवेत. भाच्याने हे ऐकले आणि बराच वेळ काही बोलला नाही. नंतर हळूच सांगितले की बुटीबोरीकडचा प्लॉट गहाण ठेवण्याविषयी तो बँकेत विचारून आला आहे. मला राग आला तो इथे. 60 हजार बुडाले असते तर वर्षभर हळहळ राहिली असती, प्लॉट गेला असता तर वर्कशॉपही गेले असते, आणि मोबाईल क्रमांकवाला गृहस्थ तोवर दुसऱ्या नावाने दुसऱ्या गटात मजकूर टाकत असता. अर्ज आयडेक्सच्या सरकारी संकेतस्थळावर उद्योजकाने थेट भरायचा असतो, मार्गदर्शनासाठी अधिकृत इनक्युबेटर (नवउद्योगांना हात देणाऱ्या संस्था) नेमलेले आहेत, आणि खासगी क्रमांकावर 'फाइल' उघडण्याची सोय त्यात कुठेही नाही.

नागपूरच्या कोट्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय वायुसेनानगरात आहे हे खरे; त्यावरून कोटा निघत नाही. नागास्त्र-1 नागपूरच्या इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्हजने बनवले हेही खरे, आणि त्याचा अभिमान मलाही आहे. पण ती शेअर बाजारात नोंद असलेल्या सोलार इंडस्ट्रीजची उपकंपनी आहे, सहा कामगारांचे शेड नव्हे. लष्कराने 480 नगांची मागणी नोंदवली आणि जून 2024 मध्ये 120 नगांची पहिली खेप घेतली, ती खरेदी होती. खरेदीला अनुदान म्हणणे म्हणजे दुकानदाराला मिळालेल्या पैशाला बक्षीस म्हणणे.

अमेरिकेचा दाखला तर अर्धवट वाचून दिलेला आहे. तिथे 1982 च्या कायद्याने छोट्या कंपन्यांच्या संशोधनासाठी 'एसबीआयआर' ही योजना आली. ज्या सरकारी खात्याचा बाहेरून संशोधन करून घेण्याचा खर्च वर्षाला 10 कोटी डॉलरपेक्षा अधिक आहे, त्याने त्या खर्चाचे 3.2 टक्के छोट्या कंपन्यांसाठी राखायचे. संपूर्ण संरक्षण बजेटचे नव्हे. त्यांच्या लेखी 'छोटी' म्हणजे 500 पर्यंत कामगार असलेली कंपनी. पहिल्या टप्प्यात साधारण सहा महिने कल्पना चालेल की नाही ते तपासायचे, दुसऱ्यात दोनेक वर्षे नमुना घडवायचा, आणि तिसऱ्या टप्प्यात, जिथे माल विकायचा असतो, तिथे योजनेच्या राखीव निधीतून एक डॉलरही मिळत नाही. नमुना उत्तम आणि ऑर्डर नाही, अशा अवस्थेत तिथल्याही कंपन्या बुडतात. आपल्याकडे ही दरी नाही असे मी म्हणणार नाही.

पेटंटचे विधान दोन योजनांची सरमिसळ आहे. आयडेक्समध्ये बौद्धिक संपदा उद्योजकाकडे राहते, सरकार ठरावीक हक्क राखून ठेवते. डीआरडीओच्या तंत्रज्ञान विकास निधीत मालकी डीआरडीओसोबत संयुक्त असते. हे समजण्यासाठी सल्लागार लागत नाही, करार वाचावा लागतो.

भाच्याला मी एकच प्रश्न विचारला: तू संशोधन करणार आहेस की पार्ट बनवणार आहेस? तो चांगले पार्ट बनवतो. मिलिमीटरच्या दोन शतांशांची टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, त्याच्या हाताला अवघड नाही. पण उडणाऱ्या वस्तूत बसणाऱ्या भागाला धातूच्या हीट नंबरापासून (तो कोणत्या ओतीतला, हे सांगणारा क्रमांक) प्रत्येक गोष्टीचा कागद लागतो, आणि लष्करी विमानांच्या उड्डाणयोग्यतेची मान्यता बेंगळुरूच्या सेमिलॅक या सरकारी संस्थेकडून यावी लागते. त्याच्यासारख्यासाठी ऑगस्ट 2020 मध्ये सुरू झालेले 'सृजन' पोर्टल अधिक कामाचे आहे, जिथे आजवर परदेशातून आणलेल्या आणि आता देशात बनवून हव्या असलेल्या वस्तूंची यादी असते. रविवारी आम्ही दोघे ती यादी चाळत बसलो. त्याला जमतील अशा काही वस्तू दिसल्या, त्यांतल्या एकीच्या धातूचे टेस्ट सर्टिफिकेट कोण देईल याची तो आता चौकशी करतो आहे. सल्लागार गृहस्थांना त्याने 'कोणत्या चॅलेंजमध्ये अर्ज भरणार' असे लिहून विचारले होते. उत्तर आले, "ते पेमेंटनंतर ठरवू."