निवट्यांच्या जागी फ्लेमिंगो

"आपली संस्कृती जपली पाहिजे" असं म्हणणाऱ्यांना आता मी आधी विचारणार, कुणाची?

आज सकाळी सोसायटीची मीटिंग होती. विषय, कंपाउंड वॉलवरचं चित्र. आम्ही ठाण्यातल्या कोपरीत राहतो, खाडी चालत जाण्याइतकी जवळ. म्हणून इथल्याच कोळीवाड्यातल्या एका मुलाला मी बोलावलं होतं, चित्रकला शिकलेला आहे. त्याने स्केच आणलं. त्याची आजी, लुगडं खोचून गुडघाभर चिखलात, कोपरापर्यंत हात बिळात घालून निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, काढतेय. मागून लोकल चाललीय. आजीच्या चेहऱ्यावर हसू नाही. चिखलात उभं राहून कोण हसतं?

कमिटीतले एक काका म्हणाले, "छान आहे, पण आजीला जरा हसवा. आणि निवट्यांच्या जागी फ्लेमिंगो टाका."

एका ताईंनी प्रश्न आणखी सोपा केला. "त्यापेक्षा वारली करा ना, वारली कुणालाही चालतं."

कुणालाही चालतं!! अहो, ते वारली आदिवासींच्या लग्नघराच्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाष्णींनी लिहायचं असतं. चौकात पालघाट देवी, सोबत लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी. त्याशिवाय तिथलं लग्न लागत नाही. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसेंनी ते कागदावर आणलं, त्यात रोजचं जगणं भरलं. २०११ ला पद्मश्री मिळाली तेव्हा डहाणू ठाणे जिल्ह्यातच होतं, म्हणजे आपल्याच जिल्ह्याचा माणूस. मीटिंगमध्ये विचारलं, नाव ऐकलंय का कुणी? सगळे अजेंडा वाचायला लागले.

दुसऱ्याचा वारसा आपल्याला आवडतो, फक्त त्याला नाव, गाव आणि वास नको. निवट्यांना वास येतो ना.

खरं तर ठाण्यात राहून हे असं बोलायची लाज वाटायला हवी. चेंदणी कोळीवाड्यातले शिल्पकार पराग तांडेल आणि कादंबरी कोळी यांनी 'तांडेल फंड ऑफ आर्काइव्ह्ज' उभं केलंय, आपल्याच समाजाच्या वस्तू, आठवणी, खाणंपिणं गोळा करून. कुणी बाहेरून येऊन आपल्यावर प्रबंध लिहील याची वाट बघत बसले नाहीत. आणि सुधीर पटवर्धन? याच ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत कामगार आणि हे वाढत चाललेलं शहर रंगवत राहिले. त्यांना कुणी सांगितलं असतं का, की डॉक्टर, त्या कामगाराला जरा हसवा?

मान्य, भिंत सगळ्यांची, वर्गणी सगळ्यांची. हेही मान्य की 'माझी आजी, माझी वाडी' म्हटलं की चित्र आपोआप चांगलं होत नाही. गॅलरीत दुःखाची रांगोळी घालणारेही पाहिलेत. पण या मुलाचं तसं नव्हतं हो. त्या आजीची वाकलेली पाठ बघितलीत तर कळेल, ती ओळख असल्याशिवाय काढता येत नाही.

मीटिंग संपल्यावर त्याच्याशी गेटवर बोलले. वाटलं होतं चिडला असेल. शांतपणे म्हणाला, "काकू, फ्लेमिंगो काढून देईन, पैसे लागतातच. पण मग त्यात आजी नाही काढणार." आजी आता खाडीत उतरत नाही. वय झालंय, आणि उतरून मिळणार तरी काय? कारखान्यांचं पाणी, शहराचं सांडपाणी, सगळं तिथेच गेलं. आणि गंमत बघा, त्याच सांडपाण्यावर वाढलेलं शेवाळ खायला फ्लेमिंगो येतात असं अभ्यासकच सांगतात. २०२२ मध्ये आपली खाडी रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी स्टेटस ठेवले. चांगलीच गोष्ट आहे, पक्ष्यांवर माझा काही राग नाही. पण जिच्या हातची मासळी गेली त्या बाईलाच खोडून तिच्या जागी तो पक्षी काढायचा, आणि वर त्याला सुशोभीकरण म्हणायचं? लिहितानाही हात थरथरतोय.

असो. पुढच्या रविवारी निर्णय आहे. बिल्डिंगमधले जे हे वाचतायत त्यांनी खाली "जाऊ दे गं" लिहू नये, खाली हॉलमध्ये यावं. आणि काका, तुम्हीही फ्रेंडलिस्टमध्ये आहात, माहितीय मला. राग मानू नका, गणपतीची वर्गणी दरवर्षीसारखी तुमच्याकडेच देणार. मत मात्र तुमच्या विरोधात.