दादा, रिडीम म्हणजे काय?

ही जानेवारी २०२० मधली गोष्ट, पण बारावीचे निकाल लागले की दरवर्षी आठवते, आणि यंदा आमच्या वाडीतली चार पोरं पास झालीत म्हणून लिहूनच टाकतो. लांबलंय, वेळ असेल तर वाचा.

चुलत्याच्या पोरीचा फोन आला. बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा. आधी आईच्या गुडघ्याची चौकशी झाली, मग पाऊसपाणी झालं, मला कळेना हिला नक्की काय हवंय, आणि मग एकदम बारीक आवाजात म्हणाली, "दादा, रिडीम म्हणजे काय?"

मला वाटलं मोबाईलच्या रिचार्जचं कूपन बिपन असेल. म्हणलं स्क्रीनशॉट पाठव. बघतो तर महाडीबीटीचं, म्हणजे राज्य सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलचं लॉगिन, स्कॉलरशिपचा पहिला हप्ता मंजूर होऊन पडलेला, आणि खाली रिडीमचं एक बटण, ते दाबल्याशिवाय तेव्हा पैसे जागचे हलायचे नाहीत. किती दिवस पडून होतं? अडीच महिने. आणि त्याच अडीच महिन्यांत कॉलेजच्या ऑफिसनं तिला तीनदा वर्गातून उठवून नेऊन विचारलं होतं की तुझी फी कधी येणार, आणि ही तीनदा "सर, शासनाकडून यायचीय" म्हणून मान खाली घालून परत वर्गात. शासनाकडून आलेली होती हो. एका बटणामागं बसली होती.

मेसेज आला नाही का असं मी जरा चिडूनच विचारलं. आला होता. पण तिचं आधार काढलं तेव्हा ती सहावीत, त्याला नंबर लागलेला तात्यांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, आणि तात्या दिवाळी झाली की मेंढरांचा वाडा घेऊन कोकणाच्या बाजूला उतरतात. आमच्याकडं माण तालुक्यात पाऊस नाही, चारा नाही, म्हणून मेंढरं घेऊन सहा-सात महिने बाहेर. रात्री कुणाच्या तरी शेतात मेंढरं बसवायची, त्याच्या बदल्यात शेतकरी धान्य नाहीतर पैसे देतो, सकाळी पुढच्या गावाला. फोन चार्ज झाला तर झाला, रेंज आली तर आली. त्या फोनवर इंग्रजीत आलेला मेसेज तात्यांनी कंपनीचा समजून सोडून दिला. त्यांचं काय चुकलं सांगा बरं.

आणि खरं सांगायचं तर ओटीपी पण त्याच फोनवर येतो. म्हणजे फॉर्म भरायला ही साताऱ्यात नेटकॅफेत बसलेली, तात्या भोरच्या घाटात, आणि मध्ये दहा मिनिटांचा ओटीपी. पहिल्या वर्षी तो फॉर्म भरायला आम्हाला चार दिवस लागले होते. तात्यांना रोज संध्याकाळी टेकडीवर चढायला लावायचो.

मी हे सगळं एवढं रंगवून का सांगतोय, तर आपल्याकडं स्कॉलरशिपचा विषय निघाला की लोक दोनच गोष्टी बोलतात. एक गट म्हणतो पैसे पुरत नाहीत, दुसरा म्हणतो लई दिलं, आता बास करा. पैसे पुरत नाहीत हे खरंच आहे, पण माझं म्हणणं वेगळं आहे. ज्याच्या घरात आधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही त्याला पहिली अडचण पैशाची येतच नाही, त्याला पहिली अडचण येते की विचारायचं कुणाला.

मी स्वतः घरातला पहिला बी.एस्सी. आण्णा, म्हणजे माझे वडील, अंगठा लावायचे, आई पण. २००८ ला बारावी झालो, तेव्हा महाडीबीटी नव्हतं, कागदाचा फॉर्म असायचा, आणि मला असा काही फॉर्म असतो हेच माहीत नव्हतं. नोटीस बोर्डावर लागली होती की नोटीस! पण नोटीस बोर्ड ही वाचायची गोष्ट असते हे पण कुणीतरी सांगावं लागतं. मला वाटायचं तिथं नापासांची नावं लावतात. ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी एक दिवस जिन्यात अडवलं, "तू कुठला रं? दाखला काढलास का? फॉर्म भरलास का?" मी आपला नाही नाही नाही. त्यांनी हाताला धरून टेबलापाशी बसवलं आणि शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी माझा फॉर्म भरून घेतला. त्या दिवशी मी दुसऱ्या जिन्यानं गेलो असतो तर आज पुण्यात लॅबमध्ये नोकरीला नसतो, मेंढरामागं असतो. मेंढरामागं असण्यात वाईट काही नाही, पण मला शिकायचं होतं.

आता योजनांचं बघा. नावं पाठ करायची म्हटली तर एमपीएससीचा एक पेपर होईल. भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती तर स्वातंत्र्याच्या आधीची, १९४४ मध्ये सुरू झालेली, बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात होते तेव्हाची. भटक्या विमुक्तांची वेगळी, ओबीसींची वेगळी, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या खुल्या वर्गातल्यांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, वसतिगृहाच्या खर्चाला पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. शासकीय हॉस्टेलला नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीच्या पोरांना स्वाधार, म्हणजे पुण्या-मुंबईसारख्या शहरात राहायला वर्षाला ६० हजार, आणि अलीकडं त्याच धर्तीवर ओबीसी-भटक्यांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना. आता गंमत बघा, यातल्या एकाही योजनेचं नाव आमच्या वाडीतल्या बारावीच्या पोराला विचारा. त्याला लाडकी बहीण माहीत असते, कारण ती घरात आलेली असते.

बरं नावं कळली तरी भागत नाही. सगळ्यात मोठा खड्डा कॅपचा. व्यावसायिक कोर्सला बऱ्याच योजनांची अट अशी की ॲडमिशन केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच (हीच ती कॅप) झालेली पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतली की स्कॉलरशिप गेली. ज्याच्या घरात मोठा भाऊ इंजिनिअर आहे त्याला हे दहावीतच माहीत असतं. आमची पोरं काय करतात, सीईटी देतात, मग निकाल लागल्यावर तालुक्यातला कुणीतरी एजंट भेटतो, "कशाला राउंडच्या भानगडीत पडतोस, आपल्या ओळखीचं कॉलेज आहे, आज ये आज ॲडमिशन" म्हणतो आणि बाप चार बकरी विकून पहिला हप्ता भरतो. त्याच पोराला त्याच मार्कावर कॅपमधून सीट मिळाली असती! नाहीतर मग ऑप्शन फॉर्ममध्ये पहिल्या नंबरला जवळचं म्हणून कुठलंतरी कॉलेज टाकतात, पहिला ऑप्शन लागला की सीट आपोआप फ्रीज, आता पुढच्या राउंडला जाताच येत नाही. ह्या चुका अडाणीपणाच्या नाहीत. ऑटो फ्रीज हा शब्द मला आजपण नीट मराठीत सांगता येत नाही.

आणि मग दाखले. जातीचा, व्हॅलिडिटी म्हणजे जात पडताळणीचा, नॉन क्रिमीलेअर, डोमिसाईल, उत्पन्नाचा, आणि एक वर्ष गेलं असेल तर गॅपचा. व्हॅलिडिटीसाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेचा पुरावा मागतात. साहेब, पणजोबा शाळेत गेले असते तर मी घरातला पहिला कसा झालो असतो? मग कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची नक्कल काढायला तहसीलला चकरा, एक खाडा म्हणजे एका दिवसाचा रोज बुडाला. स्कॉलरशिपला फी लागत नाही म्हणतात, पण ती मिळवायला दोन-तीन हजार तर एसटी, झेरॉक्स आणि सेतूवाल्याच्या चहापाण्यातच जातात.

२०२४ च्या जुलैमध्ये मुलींचा जीआर आला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ओबीसी घरातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ, आधी निम्मं होतं. निर्णय चांगलाच आहे, मनापासून चांगला. पण गावात बातमी अशी पोचली की पोरींना आता एक रुपया लागत नाही. आमच्या शेजारचे काका पोरीला घेऊन कॉलेजला गेले खिशात तीनशे रुपये घेऊन. तिथं कळलं की डेव्हलपमेंट फी वेगळी, हॉस्टेल वेगळं, मेस वेगळी, ॲप्रन वेगळा. परत येताना एसटीत काका एक शब्द बोलले नाहीत असं पोरगी सांगत होती.

वेळेचं तर बोलायलाच नको. तुम्हाला आठवत असेल, २०२४ मध्येच उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगरचा एक पोरगा, बाप रोजंदारीवर, पोराचा आयआयटी धनबादला नंबर लागलेला आणि सीट पक्की करायला भरायचे होते १७,५०० रुपये. घरच्यांनी गावातून गोळा केले, पण भरेपर्यंत पोर्टल बंद झालं. पैसे होते, वेळ संपली. पोरगं थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि सरन्यायाधीश चंद्रचूडांच्या खंडपीठानं ३० सप्टेंबरला कलम १४२ वापरून त्याला सीट द्यायला लावली. सगळे खूश झाले, मी पण झालो. पण कलम १४२ म्हणजे कोर्टाचं ब्रह्मास्त्र, ते साडेसतरा हजारांसाठी काढावं लागलं. आणि असे किती असतील ज्यांचं पोर्टल बंद झालं आणि जे गप घरी गेले.

स्कॉलरशिपचा हप्ता तर कधी कधी वर्ष संपताना येतो, पण मेसवाला महिन्याला मागतो. बाबासाहेबांना १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी कोलंबियाला जायला स्कॉलरशिप दिली ती दरमहा साडेअकरा पौंड होती. महिन्याला, हे लक्षात घ्या. शंभर वर्षांपूर्वीच्या राजाला कळत होतं की पोराला भूक महिन्याला लागते, वर्षातून एकदा नाही.

आता कुणी म्हणेल उपाय सांग. तमिळनाडूत २०१०-११ पासून एक योजना आहे, तिथं त्यांनी फर्स्ट ग्रॅज्युएट हाच निकष धरला. घरात आधी कुणी पदवीधर नाही असा तहसीलदाराचा दाखला आणायचा, सरकारी कौन्सेलिंगमधून व्यावसायिक कोर्सला ॲडमिशन घ्यायची, शिक्षण शुल्कात सवलत. जात विचारत नाहीत, उत्पन्न विचारत नाहीत. मला हे आवडतं, आपल्याकडं पण व्हावं असं वाटतं, पण दोन गोष्टी आधीच सांगतो. एक, ही जातीवरच्या स्कॉलरशिपच्या जागी नको, तिच्या जोडीला पाहिजे. "जात सोडा, फर्स्ट जनरेशन धरा" म्हणणारे लगेच उठतील, त्यांना माझा पाठिंबा नाही, कारण घरातला पहिला पदवीधर असणं आणि गावाबाहेरच्या वस्तीतला पहिला पदवीधर असणं ह्या एकसारख्या गोष्टी नाहीत. दोन, त्याच्यासाठी अजून एक नवा दाखला काढायला लावू नका बाबांनो, आहेत तेवढे पुरे.

मला विचाराल तर पैशाच्या आधी एक माणूस द्या. प्रत्येक कॉलेजात एक माणूस ज्याचं काम फक्त हेच, की पहिल्या वर्षाच्या प्रत्येक पोराला विचारायचं तुझ्या घरात आधी कोण शिकलंय, कुणी नसेल तर बस इथं. आत्ता हे काम कोण करतं? प्रवेशाचं, परीक्षेचं, स्कॉलरशिपचं सगळं बघणारा एकटा क्लार्क, नाहीतर तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक, ज्याचा स्वतःचाच पगार वेळेवर होत नाही. त्यांना दोष देऊन काय मिळणार. फॉर्मला काहीतरी खोट निघाली की सेंड बॅक मारून मोकळे होतात, आणि पोराला कळतच नाही की फॉर्म परत आलाय, त्याला वाटतं भरला म्हणजे झालं.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ ला बोर्डिंग काढलं तेव्हा पोरांना फीचा चेक दिला नव्हता. झोपायला जागा, दोन वेळची भाकरी, हाताला काम आणि विचारायला माणूस, एवढं दिलं. पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, मंगळसूत्रसुद्धा, पण चूल बंद पडू दिली नाही. मी कॉलेजात असताना कमवा आणि शिकामध्ये लायब्ररीत रोज दोन तास पुस्तकं पुसायचो, त्याचे जे काय थोडे पैसे मिळायचे ते महिन्याला मिळायचे आणि त्यावर माझा साबण, तेल, वह्या सगळं निघायचं. शिवाय लायब्ररीतल्या मॅडम रोज काहीतरी विचारायच्या, जेवलास का, फॉर्म भरलास का, एम.एस्सी.ची एंट्रन्स कधी आहे. स्कॉलरशिपच्या रकमेपेक्षा ते "फॉर्म भरलास का" मला जास्त उपयोगाला आलं.

फुकट शिकतात म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायचं मी सोडून दिलंय. एकदा फक्त आमच्या तात्यांबरोबर घाटातल्या टेकडीवर ओटीपी शोधायला चढा म्हणावं.

चुलतबहिणीचं सांगायचं राहिलं. त्या रात्री फोनवरच मी तिला बटण दाबायला लावलं. थोड्या दिवसांनी हप्ता आला, पण आला कुठं तर दुसऱ्याच खात्यावर! गावात मोबाईलच्या दुकानात सिम घेताना कुणीतरी अंगठा घेऊन पेमेंट बँकेचं खातं उघडलेलं, आधार तिकडं जोडलं गेलेलं, आणि पैसे शेवटी आधार जिथं जोडलंय तिथंच जातात. ते निस्तरायला अजून तीन आठवडे. पण झालं. ती पास झाली, आता कराडला एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे, आणि वाडीतल्या पोरांचे फॉर्म माझ्यापेक्षा भारी भरते. मला तर आता तीच सांगते की दादा ते जुनं झालं, आता असं नाही करायचं.

तर वाडीतल्या चौघांसाठी, आणि आसपासच्या कुणालाही. या रविवारी मी आणि ती दोघं सकाळी दहा वाजता बिरोबाच्या देवळात बसतोय. आधार कार्ड, दहावी-बारावीची मार्कशीट, असतील तेवढे दाखले आणा. बँकेचं पासबुक आणा. आणि आधारला ज्याचा नंबर आहे तो फोन चार्ज करून आणा, वडील मेंढरामागं असतील तर शनिवारीच त्यांना रेंजमध्ये यायला सांगा. चहा आमच्याकडं.