गाडी मखमली करण्याचे खात्रीशीर उपाय

गाडी चालवण्याच्या सिम्युलेटर गेममधली गाडी खड्ड्यांवर मऊ चालायला हवी आहे ना? नाशिककराला यापेक्षा साधी इच्छा दुसरी काय असणार! दिवसभर मुंबई नाका, उंटवाडी, पाथर्डी फाटा करून मणके सैल झालेले. 2027 चा सिंहस्थ तोंडावर, त्यामुळे रस्ता म्हणजे काय हे विचारूच नका. (द्वारका चौकाबद्दल मी काही बोलणार नाही.) निदान रात्री पडद्यावर तरी गाडी पाण्यावरून गेल्यासारखी जावी. परवाच ‘मखमल’ नावाची एक तयार सेटअप फाईल, म्हणजे कुणीतरी सस्पेन्शनचे आकडे आधीच भरून वाटलेली, माझ्या पदरात पडली. तिच्या कर्त्याला स्मरून पुढचा उपदेश.

सर्वात आधी, गाडीचं वजन पाहू नका. आकडे कंपनीच्या इंजिनिअरांसाठी असतात.

एककं तर मुळीच वाचू नका. एका सिम्युलेटरमध्ये स्प्रिंग न्यूटन प्रति मीटरमध्ये, दुसऱ्यात न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये. हजारपटीचा तर फरक! एवढ्या तेवढ्यावरून काय भांडायचं?

गाडीत मूळ सस्पेन्शन असेल तर बहुतेक वेळा स्प्रिंगचा स्लायडरच दिसत नाही. मग पार्ट्समध्ये जाऊन सर्वात महागडे रेसिंगचे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र जोड) बसवा. ते ताठ राहण्यासाठीच जन्मलेले असतात आणि त्यांची चाल, म्हणजे वरखाली हलायची जागाही तोकडी असते, पण म्हणूनच त्यांना मऊ करण्यात खरा पुरुषार्थ आहे.

आता मुख्य मंत्र: स्प्रिंगचा स्लायडर धरा आणि डावीकडे भिंतीला टेकेपर्यंत ओढा. ‘मखमल’मध्ये पुढची स्प्रिंग 8,000 न्यूटन प्रति मीटर आहे. एका चाकावर स्प्रिंगने तोलायचं वजन 300 किलो. म्हणजे गाडी जागेवर उभी असतानाच स्प्रिंग 37 सेंटिमीटर दबायला हवी. चाकाची पूर्ण चाल वीसेक सेंटिमीटर! मग उरलेलं वजन कोण घेतं? बंप स्टॉप घेतो, तो रबराचा ठोकळा. गाडी स्प्रिंगवर उभीच नाही, ठोकळ्यावर बसली आहे, आणि पहिल्याच खड्ड्यात जो दणका बसतो तो मूळ गाडीपेक्षा मोठा. बरं, एवढ्यावर थांबावं ना? नाही. शॉकअप तसेच ठेवलेत, रेसिंगचे, 6,000 न्यूटन-सेकंद प्रति मीटरचे! या स्प्रिंगला 3,100 लाच झोका पूर्ण मरतो. हे त्याच्या जवळजवळ दुप्पट. दबलेली स्प्रिंग वर यायच्या आत पुढचा खड्डा येतो, मग आणखी दबते, मग आणखी. सातपूरच्या रस्त्यासारखे ओळीने चार खड्डे घातलेत की गाडी जमिनीला पोट टेकवून बसते. आणि यावर फाईलवाल्याचं म्हणणं काय, तर गेमचं फिजिक्स बोगस आहे! फिजिक्स ठीक आहे हो. फिजिक्सनेच तर तुम्हाला आपटलं.

असो. रागावायचं नव्हतं.

गतिरोधकावर हादरा बसतो? अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा, काढून टाका. दोन्ही चाकं एकदम चढली की बार पिळलाच जात नाही, तेव्हा हादरा होता तेवढाच राहील. वळणावर मात्र गंगापूर धरणावरच्या होडीचा आनंद फुकट. बार सैल करून फायदा होतो तो एकच चाक खड्ड्यात गेल्यावर, पण ते कशाला लक्षात ठेवायचं? (इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो, ताशी 25 किलोमीटरच्या वेगाने ओलांडायचा. चाचणीसाठी तो सिम्युलेटरमध्येच बनवा. शहरात शोधायला निघू नका.)

टायरची हवा 32 वरून 28 करणारे भित्रे. तुम्ही 15 करा. रिम खड्ड्याला थेट भेटते.

स्टिअरिंगचा फोर्स फीडबॅक (हाताला बसणारे झटके) शंभर टक्के, कॅमेऱ्याची थरथरही पूर्ण. मग दोष सस्पेन्शनला द्या.

पुरे झालं. अरे बाबांनो, गाडी मऊ करणं म्हणजे सगळं डावीकडे ओढणं नव्हे! पुढच्या स्प्रिंगवर गाडीचा झोका 1.2 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 1.2 वेळा, धरा. 300 किलोला चाकापाशी 17,000 न्यूटन प्रति मीटर लागतात. स्प्रिंग चाकाच्या 0.7 पट हलत असेल तर तिचा आकडा 35,000 च्या आसपास जातो, कारण भागताना त्या 0.7 चा वर्ग घ्यावा लागतो. मागे 1.35 हर्ट्झ ठेवा; मागचं चाक खड्ड्यात उशिरा जातं, त्याला पुढच्याला गाठायचं असतं, नाहीतर गाडी घोड्यासारखी मान हलवत बसते. शॉकअप चाकापाशी दबताना 900, सुटताना 1,800. खड्ड्याचा टोला फार वाटला तर फास्ट बंप (शॉकअप झटक्यात दबतानाचा विरोध) कमी करा, स्लो बंपला (सावकाश दबतानाच्या विरोधाला) हात लावू नका, तो गाडीच्या अंगाचे झोके आवरतो. स्प्रिंग मऊ केली की गाडी खाली बसणारच, म्हणून उंची परत वाढवा आणि बंप स्टॉपपर्यंत सात-आठ सेंटिमीटर मोकळे आहेत का ते पाहा. एवढं सगळं दहा मिनिटांत होतं, फोनच्या कॅल्क्युलेटरवर! ते न करता फाईली कसल्या वाटता? आणि एका वेळी एकच स्लायडर हलवा. पाच एकदम ओढलेत तर नक्की कशाने बिघडलं, हे तुमच्या तीर्थरूपांनाही कळायचं नाही.