पडलेल्या माणसाला लगेच उभं करू नका

आई पडली त्याला आज सात आठवडे झाले. आता वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाते, म्हणून बसून लिहिता येतंय.

जुलैतली सकाळ, बाहेर धो धो. आई जांभळी नाक्यावरून भाजी घेऊन आली. नौपाड्यातली आमची जुनी तीन मजली इमारत पाडून टॉवर झाला, त्याला दोन वर्षं झाली. जुन्या इमारतीत खाली खडबडीत शहाबादी होती. पावसाचं पाणी आत आलं तरी पाय ठरायचा. आता लॉबीत आरशासारखं ग्रॅनाइट आहे. नुकताच पोछा मारला होता, फरशी ओलीच होती, पाटी वगैरे काही नाही. लिफ्टच्या अलीकडे आईची चप्पल सटकली आणि ती डाव्या कुशीवर आपटली. हात अंगाखाली आला.

पुढे जे झालं ते आपल्याकडे कुठेही होतं. वॉचमन धावला, शेजारचे काका धावले, दोघांनी काखेत हात घालून तिला उभं केलं, खुर्चीवर बसवलं, पाणी पाजलं. मायेनेच केलं, त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. आई म्हणाली, "काही नाही झालं," आणि आपल्या पायांनी लिफ्टमध्ये शिरली. मला फोनसुद्धा केला नाही. संध्याकाळी ऑफिसातून आले तर पलंगावर बसलेली, मनगट पदराखाली. टोमॅटो लॉबीभर पसरले, चार माणसांनी पाहिलं, हेच पुन्हा पुन्हा सांगत होती. लाज वाटत होती तिला. आणि मी पहिलं काय विचारलं, तर "अगं, पडलीस कशी?" याचं मला अजून वाईट वाटतं. दुखतंय कुठे, हे आधी विचारायला हवं होतं.

रात्री तिला कूस बदलता येईना. सकाळी एक्स-रे काढला तर खुब्याच्या हाडाला फ्रॅक्चर, मनगटही मोडलेलं. डॉक्टरांनी समजावलं की हाडाची मोडलेली टोकं एकमेकांत रुतून बसली तर माणूस थोडंफार चालू शकतो, पण एकेका पावलाला ती सरकायची भीती असते. आईची सरकली नव्हती, म्हणून स्क्रूवर भागलं. सरकली असती तर कदाचित सांधाच बदलावा लागला असता. 'चालता येतंय म्हणजे हाड शाबूत' हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. ते खरं नाही.

म्हणून हात जोडून सांगते, कुणी पडलं तर उचलायची घाई करू नका. आहे तिथे राहू द्या, छत्री धरा, गर्दी हटवा आणि खाली बसून विचारा. मान किंवा पाठ दुखते म्हणाले, पायाला मुंग्या आल्या, क्षणभर शुद्ध हरपली, एक पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेर वळलंय, यातलं काहीही असेल तर हलवू नका, १०८ ला फोन करा. पाणी, चहा देऊ नका. ऑपरेशन करायचं ठरलं तर भूल द्यायला पोट रिकामं लागतं. तेल लावून चोळणं तर नाहीच.

हाताला लागलं असेल तर बांगड्या, अंगठ्या त्याच मिनिटाला काढा. आईच्या मनगटावर रात्रीतून इतकी सूज चढली की पाटली हॉस्पिटलात कापावी लागली. तिच्या आईने दिलेली पाटली. हाड मोडल्यावर रडली नव्हती, तेव्हा रडली.

डोकं आपटलं असेल आणि माणूस रक्त पातळ करायची गोळी घेत असेल, तर तो कितीही ठीक दिसला तरी डॉक्टरकडे न्याच आणि गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या. वयस्कर माणसाच्या मेंदूभोवती रक्त हळूहळू साठतं, कधी कधी काही आठवड्यांनी लक्षात येतं. उलटी, सारखी झोप, बोलण्यात गोंधळ दिसला तर सकाळची वाट पाहू नका.

आता माझी दुसरी चूक. केस पेपर लिहिताना विचारलं, कुठे पडल्या? मी घाईत म्हणाले, "घरी." तेच लिहिलं गेलं. नंतर सोसायटीच्या कमिटीकडे गेले तर उत्तर मिळालं, "तुमच्या पेपरवर तर घरी पडल्या असं आहे." सीसीटीव्ही मागितला तर तीन आठवड्यांपूर्वीचं काही शिल्लक नव्हतं, त्यावर नवं रेकॉर्डिंग झालेलं. म्हणून कुठे पडलं, कशावरून घसरलं, फरशी ओली होती का, हे डॉक्टरांना नेमकं सांगा आणि लिहिलेलं वाचून घ्या. जागेचा आणि चपलेचा फोटो त्याच दिवशी काढा. ज्यांनी पाहिलं त्यांचे नंबर घ्या. फुटेज जपून ठेवा असा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मेडिक्लेम असेल तर कंपनीला लगेच कळवा. मॉल, हॉटेल, अशा पैसे देऊन सेवा घेतलेल्या जागी त्यांच्या हलगर्जीमुळे पडलात, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली ग्राहक आयोगात जाता येतं, मुदत २ वर्षांची. चौकशीला १९१५ ही हेल्पलाइन आहे.

कमिटीतले एक जण मला म्हणाले, "या वयात सांभाळून चालायला हवं." आई सत्तर वर्षं सांभाळूनच चालली आहे. पावसाळ्यात चार महिने ओली राहणार हे माहीत असलेल्या जागी चकचकीत ग्रॅनाइट बसवणं हा काही तिच्या वयाचा दोष नाही.

मला नुकसानभरपाईपेक्षा ती फरशी बदललेली हवी आहे. निदान लिफ्टपर्यंत खरखरीत पट्ट्या, आणि पुसल्यावर कोरडा हात. येत्या रविवारी मिटिंग आहे, विषय लेखी दिलाय. ठाण्यात कुणाच्या सोसायटीने लॉबीला अँटी-स्किड कोटिंग करून घेतलं असेल तर कृपया सांगा, चौरस फुटाला काय खर्च आला आणि किती पावसाळे टिकलं. फोटो असेल तर तोही टाका, मला मिटिंगमध्ये दाखवायचा आहे.