सव्वातीन जीबी कार्पेट

सोसायटीचा खजिनदार मी, त्यामुळे मेंटेनन्सचा हिशेब माझ्या 2009 सालच्या कॉम्प्युटरवर. विंडोज सेव्हन, रॅम म्हणजे चालू कामाची मेमरी दोन जीबी. सकाळी बटण दाबून मी आंघोळीला जातो. पूजा आटोपून येईपर्यंत एक्सेलची फाइल उघडायच्या बेतात असते. सोबत ब्राउझर उघडला की संपलंच. रॅम पुरेनाशी झाली की विंडोज उरलेला पसारा हार्ड डिस्कवर नेऊन टाकतं आणि डबड्यातून गिरणीसारखा आवाज येतो.

"नवीन घ्या की," बायको म्हणाली. आमच्या घराण्यात हा शब्द चारचौघांत उच्चारत नाहीत.

पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन मी रुबाबात आठ जीबीची रॅम मागितली.

"डीडीआर टू की थ्री, काका?"

या म्हणे रॅमच्या पिढ्या. टूपेक्षा थ्री बरी, हे कोणीही सांगेल. थ्री घेतली.

घरी कॅबिनेट उघडलं. आत दिवाळीत झाडायची राहिलेली पंधरा वर्षांची धूळ. रॅमची पट्टी काही बसेना. लांबी तीच, पिना दोन्हींना 240च, पण मधली खाच जरा सरकलेली. टूला 1.8 व्होल्ट लागतात, थ्रीला 1.5. भलतीच पट्टी कोणी कोंबू नये म्हणून खाच मुद्दाम हलवलेली! म्हणजे कारखान्यात माझा विचार आधीच झाला होता.

पुन्हा दुकान गाठलं. "पॅकिंग फोडलंत, काका. आता परत नाही घेता येणार." डीडीआर टू नवी मिळेना. सेकंडहँड होती, तीही थ्रीपेक्षा महाग. "जुनी आहे म्हणूनच महाग," दुकानदार शांतपणे म्हणाला. त्यातून माझ्या मदरबोर्डावरचा, रॅम सांभाळणारा जी 31 चिपसेट चार जीबीच्या वर घेत नाही आणि पट्ट्या बसवायच्या जागा दोनच. म्हणजे दोन-दोनच्या दोन पट्ट्या घ्या आणि आधीच्या एक-एकच्या दोन घरी बसवा.

नव्या बसवल्या. स्क्रीन काळी, आतून नुसतं बीप बीप. भाच्याला फोन केला.

"मामा, खोडरबर आहे?"

मला वाटलं थट्टा करतोय. पण पट्टीच्या सोनेरी दातांवर मळ धरतो म्हणे. लेकीच्या कंपासपेटीतलं खोडरबर हलक्या हाताने घासलं आणि कॉम्प्युटर सुरू झाला! एवढ्या खर्चात उपयोगी पडलेली वस्तू पाच रुपयांची.

मग मेमरी बघितली: चार जीबी, पैकी वापरायला सव्वातीन.

"विंडोज 32 बिट आहे ना," भाचा म्हणाला, "त्याच्याकडे मेमरीतल्या जागांचे पत्तेच चार जीबीपुरते. त्यातले काही ग्राफिक्सला वगैरे राखीव."

हे मात्र मला लगेच कळलं. चार सुपर बिल्ट-अप, सव्वातीन कार्पेट. "64 बिट टाका," तो म्हणाला. पण मग माझ्या जुन्या प्रिंटरला ड्रायव्हर मिळत नाही, आणि त्या वाटेने गेलो तर प्रिंटरही नवा घ्यावा लागेल.

आता आरतीच्या आत फाइल उघडते. आठ जीबीची ती डीडीआर थ्री कपाटात साड्यांच्या मागे ठेवली आहे. तिला बसेल असा जुना मदरबोर्ड कुठे स्वस्तात मिळतोय का, बघतोय. बायकोला अजून बोललेलो नाही.